शालूचं नाव पटावर

विशे गुरुजी,

किन्हवलीच्या नाक्यावरच्या फळ्यावर खडूने तुमचं नाव लिहिलं आहे. तुमच्या वयात एका वर्षाची चूक आहे. मी काही वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. निधनवार्ता तपासणं हे तिथे नवख्यांचं काम असतं: वय, हुद्दा, मागे कोण. चूक दिसली की अजूनही हात शिवशिवतो. पण नाक्यावर माणसं उभी होती आणि फळा पुसायची माझी हिंमत झाली नाही. बाकीचा तपशील तिथे बरोबर आहे, म्हणून तो इथे पुन्हा देत नाही.

फळ्यावर नाही ते एवढंच, की बारा-तेरा वर्षं तुम्ही आमच्या घरी येत होतात, आणि पहिल्यांदा आलात ते आमच्याविरुद्ध कागद तयार करायला.

मुंबई सोडून डोळखांबच्या पुढे जमीन घेऊन राहायला लागल्याचं आमचं ते तिसरं वर्ष. माझा नवरा माधव भात आणि नाचणी करत होता, मी घरी बसून भाषांतरं करत होते. आमची शाल्मली सात वर्षांची होती आणि शाळेत जात नव्हती. शाळेवर आमचा राग नव्हता. ती घरी शिकत होती, आम्हा दोघांना शिकवायला वेळ होता आणि तिघांनाही ते आवडत होतं. कारण एवढंच होतं, आणि ते कोणालाच पुरत नसे.

मे महिन्यात शिक्षक घरोघर फिरून शाळेत घालण्याजोग्या मुलांची नावं लिहितात. तुम्ही केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे. पद तेव्हा नवीन होतं आणि खुर्चीत बसायची सवय तुम्हाला लागली नव्हती, म्हणून शिक्षकांबरोबर तुम्हीही उन्हात फिरत होतात. सायकल खाली ओढ्याशी ठेवून तुम्ही चढ चढून आलात, ओटीवर बसलात, पाणी प्यायलात आणि कागद काढलात.

"पोरगी कंच्या शाळेत?"

"शाळेत नाही. घरी शिकते."

"आजारी हाय का?"

"नाही."

"मंग गुरं राखते?"

"आमच्याकडे गुरं नाहीत."

"एक बोका आहे," आंब्याच्या फांदीवरून शाल्मलीने माहिती दिली.

तुम्ही वर पाहिलंत. "त्याला राखतेस व्हय?"

"तोच मला राखतो."

तुमच्या कागदावर मूल शाळेत नसल्याची कारणं छापलेली होती. गुरं राखणं, भावंडं सांभाळणं, आजारपण, स्थलांतर. आमच्यासारख्यांसाठी रकाना नव्हता. तुम्ही 'स्थलांतर' लिहू म्हणालात, कारण मुंबईहून आलो तर होतोच. मी 'इतर' लिहा म्हटलं.

"'इतर' लिवलं की साहेब इचारनार, इतर म्हंजे काय. मी काय सांगू?"

"खरं सांगा."

"ताई, खरं सांगायला मला आधी ते समजाया पायजे."

पंधरवड्यात शहापूरला पंचायत समितीत बोलावणं आलं. शिक्षण विभागाच्या साहेबांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि मग ते मुलीच्या भवितव्याबद्दल बरंच बोलले. मी उत्तर देणार, तेवढ्यात तुम्ही भिंतीजवळून पुढे झालात. कार्यालयात तुमची भाषा वेगळी असायची. "साहेब, मुलगी व्यवस्थित शिकते आहे. मी स्वतः पाहिलं आहे."

तुम्ही तिला आंब्याच्या फांदीवर पाहिलं होतं आणि बोक्याबद्दल दोन वाक्यं ऐकली होती. एसटी स्टँडवर मी तुम्हाला विचारलं की तुम्ही नेमकं काय पाहिलंत.

"अजून कुठं काय? आता बगायला येईन की. दर महिन्याला येईन."

बातमीच्या कामात आधी पाहतात, मग लिहितात. तुमचा क्रम उलटा होता. पण तुम्ही शब्द पाळलात. पावसात ओढा भरला की पलीकडून हाक मारून "शालू काय शिकली?" एवढं विचारून परत जायचात, आणि तीही इकडून ओरडून सांगायची. शाल्मलीची शालू तुम्हीच केलीत.

तुमची पाहणी कडक होती. अक्षर वाईट, पाढे नाहीत, बोलणाऱ्याला मध्येच तोडते, एका जागी बसत नाही. सगळं खरं होतं. सतरा साते किती, असं तुम्ही विचारलंत तेव्हा तिने "कशाला हवंय?" असं विचारलं, आणि तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू तो प्रश्न मीच शिकवला होता. मग तुम्ही बांधावर बसून तिला पावकी आणि निमकी, पाव-अर्ध्याचे जुने पाढे, म्हणून दाखवलीत, हातावर ताल धरून. पुढच्या महिन्यात तिने ती बोक्याला म्हणून दाखवली. जेवायला थांबलात तर नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी मागून घ्यायचात आणि जेवण झालं की वाद उकरून काढायचात.

तुमचा वाद शाल्मलीच्या पाढ्यांचा नव्हता. त्यात तुम्हाला फारसा रस नव्हता हे मला उशिरा कळलं. तुमचं म्हणणं शाळेच्या छपराबद्दल होतं. पाड्याखालच्या आमच्या शाळेची कौलं फुटली होती, पावसाळ्यात चौथीचा वर्ग तिसरीत येऊन बसायचा.

"तुमची पोरगी त्या छपराखाली असती ना, तर एका पावसाळ्यात छप्पर झालं असतं," तुम्ही म्हणायचात. "तुमाला साहेबाशी बोलता येतं. पाड्यातल्या मानसाला येत नाय. बोलता येनारा मानूस पोर घेऊन बाजूला झाला, मंग शाळेसाठी बोलनार कोन?"

"मी बोलेन. त्यासाठी माझी मुलगी भिजायला कशाला हवी?"

"बोलून बगा. बाहेरचा मानूस मागाया गेला की साहेब चहा पाजून पाठवतो."

मी गेले. माझ्यापुढे चहा आला, बरोबर बिस्किटंही आली. छपराचा अर्ज साहेबांनी ठेवून घेतला. परत येऊन मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "बिस्किटं खारी का गोड?"

दिवाळीनंतरच्या एका सकाळी शाळेचे मुख्याध्यापक सायकलच्या कॅरिअरवर पिशवी बांधून आमच्या दारात आले. त्या वर्षांत शाळेत नियमित येणाऱ्या मुलांना सरकारकडून दरमहा तांदूळ मिळत असे. तो वेळेवर येत नसे, आला की मागचा सगळा एकदम येई.

"शाल्मलीचा तांदूळ," ते म्हणाले. "हितं सही करा."

मी सही केली नाही. चपला घातल्या आणि शाळेकडे निघाले. तुम्ही त्या दिवशी तिथेच होतात, व्हरांड्यात बसून मुलांच्या वह्या पाहत.

"शाल्मलीचं नाव पटावर कोणी घातलं?"

"मी."

"कधी?"

"जूनमधी. दुसरीत."

"तांदूळ रोज येणाऱ्यालाच मिळतो ना? मग तिची हजेरी?"

"एकबी खाडा नाय," तुम्ही म्हणालात. "हुशार हाय पोरगी."

दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या मास्तरांना हसू आलं. मला आलं नाही. तुम्ही वह्या बाजूला ठेवल्यात आणि मला आवारातल्या वडाखाली घेऊन गेलात.

तुमच्याकडे दोन कारणं होती. एक, साहेबांनी आमच्याबद्दल पुन्हा विचारलं होतं, आणि नाव पटावर असलं की तो विषय संपत होता. दुसरं कारण मोठं होतं. पटावर मुलं किती, यावर शाळेला मास्तर किती ते ठरतं. दिवाळी झाली की वरच्या पाड्यांतली कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, मुलं बरोबर नेतात. तपासणी नेमकी हिवाळ्यात येते. पट एका नावाने जरी खाली गेला तरी दुसरा मास्तर उचलून दुसरीकडे देणार होते. मग चार वर्गांना एक मास्तर, आणि तो ज्या दिवशी टपाल घेऊन शहापूरला जाईल त्या दिवशी शाळेला कुलूप.

"तुमच्या एका नावानं कुनाचं काय गेलं?" तुम्ही म्हणालात. "कागद खोटा हाय. पन त्यानं टिकलेला मास्तर खरा हाय."

तुम्हाला वाटलं होतं मी आभार मानीन. आमच्यावर उपकार आणि शाळेचा बचाव, एका ओळीत दोन्ही कामं. तुमच्या जागी तालुक्यातल्या कोणीही हेच केलं असतं, आणि माझ्या जागी बहुतेकांनी तांदूळ घेतला असता.

मी म्हटलं, ही मुलगी कुठे शिकते असं कोणी विचारलं तर त्याला एकच उत्तर असलं पाहिजे. घरी शिकते हे आम्ही साहेबांना तोंडावर सांगितलं आहे, तुम्ही त्याची साक्ष दिली आहे. आता कागद सांगतो की ती तुमच्या दुसरीत रोज येते. उद्या कोणी दोन्ही समोर ठेवलं तर तुमची साक्ष आणि माझा शब्द, दोन्ही खोटे ठरतील. मग तिला शाळेत घाला म्हणायला साहेबांना एवढंच पुरेल. नाव काढा.

तुम्ही समोरची पारंबी बाजूला सारलीत.

"काढतो," तुम्ही म्हणालात. "पन रिकामी जागा मी साहेबाला दाखवनार नाय. तुमच्या पोरीचं नाव काढायचं तर त्या जागी खरं नाव आना. बोला, येताय?"

"कुठे?"

"भट्टीवर."

तांदूळ परत घ्यायची शाळेत सोय नव्हती. तुम्ही ती पिशवी सायकलला लावून वरच्या पाड्यातल्या एका म्हातारीला देऊन आलात. तिचा मुलगा गोमा बायको-मुलीला घेऊन भट्टीवर गेला होता. मुलगी सुमन, आठ वर्षांची, दुसरीत, नाव पटावरून कमी व्हायच्या बेतात. कोणाकडे जायचं हे अशा रीतीने ठरलं.

दोन एसट्या बदलून आपण गेलो. भट्टीवर धूर, कोळशाची भुकटी आणि ओल्या मातीचा वास होता. सुमन उन्हात मांडलेल्या कच्च्या विटा एकेक करून उभ्या करत होती. गोमाने तुम्हाला ओळखलं, हात धुतले, पण बसायला सांगायला तिथे काही नव्हतं. तुम्ही विटांच्या थप्पीवर बसलात आणि विषय काढलात. त्याने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बोट केलं.

"गुरुजी, ह्या त्या आंब्याखालच्या घरातल्या ना?"

"हां."

"ह्यांची पोर साळंत जात नाय."

"नाय जात."

"मंग माझीच का?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते शहापूरच्या कार्यालयासाठी तयार केलेलं होतं आणि त्या जागी ते बोलण्यासारखं नव्हतं. साहेबांनी तोपर्यंत विचारलेल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा हा प्रश्न नेमका होता. तुम्ही विटांवरून उठलात.

"गोमा, त्यांच्या घरात भिंतभर पुस्तकं हायेत. शिकवाया दोघं मानसं हायेत, दिवसभर. ती पोर जिथं बसती तिथं शाळा हाय, मी दर महिन्याला जाऊन बगतो. तिला आपली शाळा नसली तरी चालंल. तुझ्या पोरीला शिकवाया हितं कोन हाय? वीट?"

सुमनची आई पुढे आली.

"म्हातारीला दिसत नाय, गुरुजी. पोरीला रांधून कोन घालील?"

"आमच्याकडे राहील," मी म्हणाले.

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. माधवला ते परत आल्यावर कळलं. सगळे सुमनकडे पाहू लागले. तिने विटेवरचा हात झटकला आणि मला विचारलं, "तुमच्याकडं तो बोका हाय ना?"

"आहे."

"मंग येते."

परतीच्या एसटीत सुमन खिडकीशी झोपली होती. तुम्ही पुढे बघत म्हणालात, "तिकडं बोललो ते तिकडंच."

"काय बोललात?"

"तुमच्या घरात शाळा हाय ते. तुमच्यासमोर मी हे मान्य करनार नाय."

"माझ्यासमोरच बोललात."

"तवा तुमी गोमाच्या पाहुन्या होतात."

शहापूरला उतरताना तुम्ही सुमनची पिशवी घेतलीत आणि मला म्हणालात, "उतरा बाई." त्याआधी तुम्ही मला ताई म्हणत होतात. बाई आपल्याकडे शाळेत शिकवणारीला म्हणतात. त्यानंतर तुम्ही मला पुन्हा ताई म्हणाला नाहीत.

शाल्मलीचं नाव तुम्ही पटावरून काढलंत. साहेबांना सांगायला गेलात तेव्हा काय झालं हे तुम्ही आमच्या ओटीवर साभिनय करून दाखवलंत. "साहेब म्हनाले, विशे, नाव घालताना मला इचारलं नाय, मंग काढताना कशाला इचारता?" आवाज साहेबांचा, भाषा तुमची. त्या बोलण्यात तुम्हाला काय ऐकून घ्यावं लागलं असेल, तेवढा भाग तुम्ही गाळलात.

तपासणी झाली. सुमन दुसरीच्या रांगेत बसलेली होती. दुसरा मास्तर टिकला.

त्या हिवाळ्यात शाळेत मूल न घालणाऱ्या घरातून रोज सकाळी एक मुलगी वेणी घालून, दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागली. शाल्मली ओढ्यापर्यंत तिच्याबरोबर जाई आणि परत येई. दुपारी पुन्हा जाऊन शाळेच्या कुंपणावर बसून राही. संध्याकाळी सुमन ओटीवर मास्तर व्हायची आणि शाल्मली, माधव आणि बोका यांना रांगेत बसवायची. बोका सोडून सगळे बसत. एका जागी बसायला आमची मुलगी सुमनकडून शिकली, हे नोंदवलं पाहिजे. सुमन तिच्याकडून "कशाला हवंय?" हे शिकली. त्याची तक्रार शाळेतून तुमच्याकडे गेली आणि तुमच्याकडून माझ्याकडे आली.

"बाई, तुमचं घर शाळा हाय का वसतिगृह, ते एकदा ठरवा."

"कागदावर काय लिहिताय?"

"'इतर'," तुम्ही म्हणालात.

पुढची सगळी वर्षं हीच रीत पडली. दिवाळी ते मे सुमन आमच्याकडे, पावसाळ्यात आई-वडील परतले की पाड्यावर आपल्या घरी. गोमा भट्टीवरून येताना शाल्मलीसाठी काहीतरी आणायचा. एकदा भाजलेल्या मातीचा बोका आणला, अजून खिडकीत आहे.

सुमन आमच्याकडे राहते म्हणून मला शाळेच्या कामात पालक धरू लागले. गावच्या शिक्षण समितीत तुम्ही माझं नाव सुचवलंत. सभेत कोणीतरी म्हटलं, ह्यांची पोर तर घरी असते. तुम्ही म्हणालात, "एक घरी असते, एक शाळेत असते. अर्ध्या तर अर्ध्या, पालक हायेत." समितीकडून छपराचा अर्ज घेऊन मी पुन्हा शहापूरला गेले. या वेळी मला चहा मिळाला नाही. साहेबांनी फाइल मागवली. पुढच्या पावसाळ्याआधी छपरावर नवे पत्रे होते.

त्या दिवशी तुमचं म्हणणं बरोबर ठरलं होतं. बाहेरून मागणं आणि आत उभं राहून मागणं यात फरक आहे, आणि तो तुम्ही मला तोंडी सांगितला होता. मी ते कधी कबूल केलं नाही. तुम्ही पत्र्यांखाली उभे राहून वर पाहत होतात आणि माझ्याकडे अजिबात पाहत नव्हतात. मला वाटतं, तुम्ही वाट पाहत होतात. मी पत्र्यांच्या दर्जाबद्दल काहीतरी बोलले.

शाल्मलीने दहावीची परीक्षा बाहेरून द्यायची ठरवली तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात, तरी बरोबर आलात. हायस्कुलातल्या कारकुनाने शाळा सोडल्याचा दाखला मागितला.

"शाळा धरलीच नाय तर सोडनार कशी?" तुम्ही त्याला विचारलंत.

कारकुनाने सांगितलं, दाखला असेल तर काम आजच होईल, नाहीतर प्रतिज्ञापत्र करा, तहसीलला खेपा घाला. आपण बाहेर आलो. जुन्या पटात, दुसरीच्या पानावर, तिचं नाव कुठेतरी असणारच, काट मारलेलं का होईना. त्यावरून दाखला निघू शकला असता. तुम्ही माझ्या चेहऱ्यावरून ते वाचलंत.

"नाय मिळनार," तुम्ही म्हणालात. "तुमीच काढायला लावलंय." आणि तहसील कचेरीच्या दिशेने चालू लागलात. तीन खेपा झाल्या, तिन्हींना तुम्ही होतात, तिन्हींना आपण वाद घातला. सुमन त्याच वर्षी शाळेतून दहावीला होती. दोघी पास झाल्या. सुमनला शाल्मलीपेक्षा जास्त गुण पडले. तुम्ही पेढे घेऊन आधी आमच्याकडे आलात, कारण ते सांगायचा आनंद तुम्हाला दुसऱ्या कोणाला द्यायचा नव्हता.

शेवटचं भेटलो ते तुमच्या घरी. तुम्ही खाटेवर होतात, काकू औषध देत होत्या आणि तुम्ही ते टाळत होतात. मुलांच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाल्याचं तुम्ही पेपरात वाचलं होतं.

"बाई, आता मी नोकरीत असतो ना, तर तुमाला सोडलं नसतं. आता कायदा हाय माझ्याकडं."

"मग काय लिहिलं असतंत?"

"आता रकाना निघाला असंल तुमच्यासारख्यांचा."

"नाही निघालेला. मी पाहिलं."

तुम्हाला हसता हसता खोकला आला. काकू मला रागावल्या. खोकला थांबल्यावर तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "पन शालू शाळेत आली असती, तर बरं झालं असतं. तिच्यासाठी नाय. शाळेसाठी." मी म्हटलं, यावर पुढच्या वेळी भांडू. तुम्ही मान हलवलीत. तो वाद तसाच राहिला आहे आणि तो संपला नाही याचं मला आज वाईट वाटत नाही. संपवण्यासारखा असता तर तुम्ही इतकी वर्षं चढ चढून आला नसता.

तुम्ही तुमची कबुली गोमाजवळ दिलीत, माझ्याजवळ नाही. मीही माझी तुमच्याजवळ दिली नाही. ती आता इथे देते: छपराबद्दल तुमचं बरोबर होतं. त्यापलीकडे तुमचं काही मान्य नाही.

परवा दहावा झाला. नदीवर इतकी माणसं होती की वरच्या रस्त्यावर गाड्या लागल्या. सुमन मुरबाडहून आली होती. तिकडच्या एका पाड्याच्या शाळेत ती शिक्षणसेविका आहे. पिंड ठेवले आणि कावळ्याची वाट पाहत सगळे काठावर थांबले. तेवढ्या वेळात तुमच्या माणसांनी तेच केलं जे शिक्षकाच्या दहाव्याला होतं. प्रत्येक जण सांगू लागला, तो तुमच्या हाताखाली कुठे होता. कोणी उंबरमाळीकडच्या शाळेत, कोणी भातसानगरच्या. पांढऱ्या केसांचा एक जण म्हणाला, मी पहिल्या तुकडीचा, मला गुरुजींनी छडीने मारलंय, आणि त्याला मान मिळाला. सुमन म्हणाली, "डोळखांबच्या पुढची शाळा. दुसरी ते चौथी." कावळा शिवला नव्हता. कोणी म्हणालं, गुरुजींचं काहीतरी राहिलंय मनात. मला माहीत होतं काय राहिलंय ते.

मग त्या पांढऱ्या केसांच्या माणसाने सुमनशेजारी उभ्या असलेल्या शाल्मलीला विचारलं, "आन तू गो? तू कंच्या शाळेतली?"

मी थोडी पुढे सरकले. इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर मीच देत आले होते, ते एकच असलं पाहिजे असं म्हणत. शाल्मलीने माझी वाट पाहिली नाही.

"मी पण गुरुजींच्या पटावर होते," ती म्हणाली. "दुसरीत. पहिलं सत्र. एकही खाडा नाही."

सुमन हसली. त्या माणसाने समाधानाने मान हलवली आणि सरकून तिला आपल्यात जागा करून दिली.

सवयीप्रमाणे मी ते वाक्य तपासलं, गुरुजी. त्यात दुरुस्त करण्यासारखं मला काही सापडलं नाही.